टॉकीजची ती वरची खोली 🎞️

तालुक्याच्या गावी वाढलेल्यांना एकपडदा टॉकीज आठवत असेलच. रिक्षातून भोंग्यावर होणारी जाहिरात, पत्र्याचं छत, मध्यंतरातले खारे दाणे. मला मात्र लहानपणापासून ओढ होती ती प्रोजेक्टरच्या खोलीची!

जुन्या प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटायची आणि तिच्या प्रखर उजेडात सिनेमा दिसायचा. कांड्या जळून आखूड होत, म्हणून ऑपरेटरकाका काळ्या काचेतून बघत त्यांच्यातलं अंतर सारखं ठेवायचे. जरा लक्ष हटलं की पडदा अंधारायचा आणि खाली शिट्ट्या सुरू!

३५ मि.मी.ची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांत संपतं. अडीच तासांच्या सिनेमाला अशी १४ रिळं लागत. म्हणूनच दोन प्रोजेक्टर आलटून पालटून चालवायचे. रीळ संपायच्या काही सेकंद आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा. ती ऑपरेटरला खूण असे: दुसरं मशीन चालू करा!

डिजिटल आलं आणि ही कारागिरी थांबली. तुमच्या गावात जुने ऑपरेटर असतील तर त्यांना जरूर भेटा, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवा. आणि तुमच्या टॉकीजचं नाव कमेंटमध्ये नक्की लिहा. 👇