बाळाची खोली आणि वातानुकूलन

चैत्र सरत आला की बडोद्यातील बालरोगतज्ज्ञांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टर, बाळाच्या खोलीत एसी लावला तर चालेल का?" प्रश्न आईचा असतो आणि त्यामागची शंका बहुधा आजींची. एसीने बाळाला सर्दी होते, हा समज आपल्या घरांत खोलवर रुजलेला आहे. वस्तुतः सर्दी होते ती विषाणूंमुळे. उलट, भर मे महिन्यात दुपट्यात गुंडाळलेले, अंग तापलेले आणि दूध नीट न ओढणारे अर्भक तपासण्याची वेळ आम्हां मंडळींवर दर उन्हाळ्यात येते. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप केवळ उकाड्याचा मानून घरी थांबणे धोक्याचे. त्याला तपासून घ्यावेच.

नवजात बालकाची घाम येण्याची क्षमता अपुरी असते आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. त्यामुळे खोली तापली की तेही तापते, खोली फार गार झाली की तेही गार पडते. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादच्या एका रुग्णालयात उष्णतेने आजारी झालेली नवजात अर्भके अतिदक्षता कक्षात मोठ्या संख्येने दाखल झाली. प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावरून खाली हलविल्यावर हे प्रमाण घटल्याचे तेथील डॉक्टरांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. यातून घरासाठी घेण्याचा धडा असा, की यंत्र निवडण्याआधी खोली निवडावी. गच्चीखालची वा पश्चिमेच्या भिंतीची खोली शक्यतो बाळाला देऊ नये. गच्चीवर पांढरा चुना आणि खिडकीबाहेर सावली, एवढ्यानेही यंत्रावरचा भार हलका होतो.

आता यंत्राकडे वळू. एसीचा 'टन' म्हणजे त्याचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकण्याची ती क्षमता होय. ताशी १२,००० बीटीयू. साधारण १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीस एक टन आणि १५० ते १८० चौरस फुटांस दीड टन पुरतो. गच्चीखालच्या खोलीस थोडा अधिक लागतो. 'मोठा घेतलेला बरा' हा विचार मात्र येथे उलटतो. खोली झटपट गार होऊन कॉम्प्रेसर थांबतो आणि हवेतील दमटपणा तसाच राहतो.

दमटपणाचा मुद्दा गौण नाही. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आपली योजना आखली, ती माणसांच्या सुखासाठी नव्हे, तर दमट हवेने कागद फुगत होता म्हणून. बडोद्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पाण्याचा कूलर उत्तम चालतो. श्रावणात तोच कूलर खोली अधिक दमट करतो, भिंतींना बुरशी धरते आणि दमेकरी मुलांचा त्रास वाढतो. वेग कमी-जास्त करू शकणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर रात्रभर मंद चालतो. म्हणून तापमान स्थिर राहते आणि वीजही वाचते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या लेबलवरील तारे पाहताना त्यावरील वर्षही पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक होतात. जुने पंचतारांकित यंत्र आज तेवढे तारे मिळवेलच असे नाही. लेबलवर दिलेला वार्षिक वीजवापर १६०० तासांचा असतो, म्हणजे रोज आठ तास धरल्यास २०० दिवसांचा. आपला वापर किती, याचा हिशेब त्यावरून सहज मांडता येतो.

दुकानदार सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी साधारणतः बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. त्याची साधी जाळी धूळ अडवते, विषाणू नाही. घरात कोणी खोकत असेल आणि दारे-खिडक्या रात्रभर बंद असतील, तर बाळाच्या वाट्याला तीच हवा येते. 'एसीने सर्दी झाली' या समजात सत्याचा अंश असलाच तर तो एवढाच. यास्तव खिडकी सकाळ-संध्याकाळ उघडावी, जाळी पंधरा दिवसांनी धुवावी आणि आजारी माणसाने दुसऱ्या खोलीत झोपावे.

जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर असावेत असा नियम आहे. नवजात बाळासाठी मी २६ च्या आसपास ठेवावयास सांगतो. झोत अंगावर नको; कपडे सुती व हलके असावेत. बाळाची छाती-पाठ हाताला कोमट लागली, की खोली योग्य आहे असे समजावे. छाती-पाठ गार लागली तर एक पांघरूण वाढवावे, घामेजली तर काढावे. ही परीक्षा आजींना आमच्याहून चांगली येते. ती त्यांच्याकडेच सोपवावी.