झाड तोडण्याआधीचे सात दिवस

चिपळूण, संगमेश्वर, राजापूर या पट्ट्यात ‘मालकी तोड’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या सातबाऱ्यावरची झाडं व्यापाऱ्याला विकायची, तोडीची परवानगी काढायची आणि लाकूड हलवण्यासाठी वन खात्याचा वाहतूक पास घ्यायचा. जमीन शेतकऱ्याची, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५ नुसार त्या जमिनीतल्या झाडांवरचा हक्कही त्याचाच. तरीही कुऱ्हाड लावण्याआधी विचारावं लागतं, कारण १९६४ साली महाराष्ट्राने वृक्षतोड विनियमन कायदा केला आणि सोळा जातींची झाडं परवानगीशिवाय तोडायला मनाई केली. साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ, तिवस, बिबळा, हळदू, अंजन, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ आणि खाडीतलं तिवर, अशी ही यादी आहे.

कायद्याच्या पुस्तकात हे सगळं दोन पानांत संपतं. गावात मात्र ते सातबाऱ्यापासून सुरू होतं आणि तिथेच अडकतं. कोकणातला सातबारा बहुधा सामाईक असतो. त्यावरच्या नावांपैकी निम्मी माणसं मुंबईत असतात, काही वारलेली असतात, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नसते. प्रत्येक सहहिस्सेदाराचं संमतीपत्र, तलाठ्याचे दाखले, मोजणीचा नकाशा हे सारं गोळा करता करता पावसाळा तोंडावर येतो. मग व्यापारी म्हणतो, “काका, तुम्ही फक्त सही करा, कागदाचं मी बघतो.” ही एक सही फार महाग पडते. कोणती झाडं, किती झाडं, कोणत्या गटातली, याचा हिशेब त्या क्षणी मालकाच्या हातून निसटतो. पुढे परवानगी वीस झाडांची निघाली आणि डोंगर साठ झाडांनी मोकळा झाला, तरी जाब सातबाऱ्यावरच्या नावालाच द्यावा लागतो.

प्रकरण रीतसर चाललं तर वन खात्याची माणसं जागेवर येतात. छातीच्या उंचीवर झाडाचा घेर मोजला जातो. बुंध्याची साल तासून क्रमांक टाकतात आणि हातोड्याचा ठसा मारतात. यातला एक ठसा अगदी जमिनीलगत असतो, आणि तो का, हे समजून घेण्यासारखं आहे. झाड पडलं, ओंडके गाडीत गेले की रानात उरतं ते फक्त थोटूक. तोडीनंतर तपासणीला आलेला वनपाल यादी हातात घेऊन थोटकं जुळवत जातो. ज्या थोटकावर क्रमांक आहे ती परवानगीची तोड, ज्यावर नाही ती चोरटी. सगळ्या यंत्रणेचा भरवसा त्या वीतभर उंचीच्या लाकडावर असतो. म्हणूनच जिथे तोडीपाठोपाठ जेसीबी येऊन मुळासकट थोटकं उपटतो आणि जमीन सपाट करतो, तिथे पुरावाही झाडाबरोबरच जातो. खैराच्या बाबतीत हे विशेष जाणवतं. त्याच्या गाभ्यातल्या लाकडापासून काथ निघतो, चिपळूण-सावर्डे भागात काथ बनवण्याचा जुना धंदा आहे, त्यामुळे खैराला गिऱ्हाईक कायम तयार असतं. चंदनाचं तर बोलायलाच नको. घराच्या परसातलं झाड रात्रीत कापून नेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत.

झाड तोडण्याआधी परवानगी घेण्याचा विचार आपल्या मुलखात नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात झाडतोडीचे जे नियम आहेत, ते बऱ्याचदा थेट शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरवले जातात. ग्रंथ अमात्यांचा आहे, धोरण महाराजांच्या काळापासून चालत आलेलं म्हणून सांगितलं आहे, एवढं अचूक म्हटलं तरी त्याचं मोल उणावत नाही. आरमाराला लाकूड लागतं, तर सागासारखं लाकूड हुकूम घेऊन रानातून आणावं. आंबा-फणसही उपयोगी, पण त्यांना हात लावू नये, कारण ती एक-दोन वर्षांत वाढत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी जपलेली असतात. एखादं झाड फार जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानेच तोडावं. परवानगी, मोबदला आणि मालकाची राजीखुशी या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत. आजच्या कायद्यात पहिली पक्की आहे, बाकीच्या दोन बाजारावर सोडल्या आहेत.

१९६४ च्या कायद्यातही झाडमालकाचा विचार आहे, हे नमूद करायला हवं. झाड वाळलेलं, रोगट, वाऱ्याने उन्मळलेलं असेल, जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल, वाहतुकीला अडथळा असेल, तर परवानगी नाकारू नये असं तो सांगतो. तोडलेल्या झाडाच्या जागी नवं लावण्याचं बंधनही आहे. त्याची लंगडी बाजू म्हणजे शिक्षा. परवानगीशिवाय तोड केली तर दंड जास्तीत जास्त १००० रुपये. १९६४ साली ही रक्कम जरब बसवणारी होती, आज तिच्यात ट्रकचं डिझेलही धड येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा दंड ५० हजार रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कोकणातून लगेच विरोध झाला. स्वतःच्या बागेतलं झाड काढलं म्हणून पन्नास हजार भरायचे का, हा बागायतदाराचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. कागदपत्रांचा रस्ता इतका लांब ठेवायचा आणि मग आडवाटेने जाणाऱ्याला जबर दंड करायचा, यात न्याय नाही. आधी परवानगी वेळेत आणि सरळ मिळायला हवी, दंडाचं बोलणं त्यानंतर.

आणखी एक उणीव यादीतच आहे. त्या सोळा जातींत वड नाही, पिंपळ नाही, उंबर नाही. लाकडाच्या बाजारात ज्यांना भाव, त्यांचीच ही यादी. २०२० साली सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा, सुमारे चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत आला. गावकरी आणि वृक्षप्रेमी एकवटले, प्रकरण राज्य आणि केंद्राच्या मंत्र्यांपर्यंत गेलं आणि रस्ता वळवण्यात आला. ते झाड लोकांच्या ओरड्याने वाचलं.

महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला वेगळीच गोष्ट घडली. सावंतवाडी-दोडामार्ग हा वाघ-हत्तींच्या जाण्या-येण्याचा पट्टा. तिथे खाजगी जमिनीवरचं जंगल उतरवून रबर-अननसाच्या बागा उभ्या राहू लागल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली. बंदी असूनही तोड चालूच असल्याच्या तक्रारी न्यायालयापुढे येत राहिल्या, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाला या पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याचा आदेश द्यावा लागला. न्यायालयाचा आदेश रानात अंमलात आणायला शेवटी वनरक्षकाचेच पाय लागतात, आणि त्याच्या वाट्याला आलेली बीट फार मोठी असते.

शहरांसाठी कायदा निराळा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. माझ्या मते हा आपल्याकडच्या चांगल्या कायद्यांपैकी एक आहे, आणि त्याचं कारण दंड हे नाही. या कायद्याने जातींची यादी केली नाही, म्हणून रस्त्याकडेचा वडही त्यात आला. झाड तोडणे या व्याख्येत जाळणं आणि कोणत्याही रीतीने इजा करणंही धरलं. म्हणजे बुंध्याची साल गोल काढून किंवा मुळाशी काही ओतून सावकाश मारलेलं झाडही तोडलेलंच ठरतं. महापालिकेत किंवा नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण हवं, दर पाच वर्षांनी वृक्षगणना हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, त्या झाडावर ठळक दिसेल अशी नोटीस लावायची, वृक्ष अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहणी करायची. हरकतीसाठी नोटिशीत सात दिवस दिलेले असतात. परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस झाडाला हात लावता येत नाही.

ही मुदत हेच या कायद्याचं बळ आहे. दंड झाड पडल्यावर येतो, मुदत झाड उभं असताना मिळते. नोटिशीचा कागद नीट वाचला तर त्यात अर्जदार कोण, झाडाची जात कोणती, क्रमांक किती, तोडायचं की पुनर्रोपण करायचं, कारण काय, आणि हरकत कुठे द्यायची, हे सगळं सापडतं. पण तो लागतो कसा? कधी खिळा ठोकून, कधी सुतळीने, रस्त्याच्या उलट्या बाजूला, डोक्यापेक्षा उंच. पहिल्या पावसात शाई पसरते. ज्या सोसायटीच्या दारात झाड आहे, तिथल्या लोकांनाही करवतीचा आवाज आल्यावरच कळतं की नोटीस लागली होती.

मुदतीचं महत्त्व मुंबईतल्या आरे वसाहतीने दाखवलं. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ रोजी २६४६ झाडांबाबत मंजुरी दिली. त्यातली २१८५ तोडायची होती, ४६१ पुनर्रोपित करायची होती. लोक उच्च न्यायालयात गेले. ४ ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या गेल्या आणि त्याच रात्री दिवे लावून तोड सुरू झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला, सोमवारी, विशेष सुनावणी घेऊन तोड थांबवली. तोवर २१४१ झाडं पडली होती. शुक्रवारची संध्याकाळ आणि सोमवारची सकाळ यांच्यामध्ये जे झालं, ते कोणत्याच निकालाने परत येणारं नव्हतं. याचिका फेटाळल्यानंतर वरच्या न्यायालयात जाण्याइतका अवधी झाडांना आपोआप मिळावा, ही तरतूद कायद्यात असायला हवी. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी ८४ झाडांपुरता अर्ज करायला मुभा दिली. त्याहून जास्त झाडांचा अर्ज पुढे गेल्याबद्दल एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये दंड भरायला सांगितलं.

आरेच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, वृक्ष प्राधिकरणात तज्ज्ञच नाहीत या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने मुंबईच्या प्राधिकरणाचे निर्णय रोखले होते. नगरसेवक झाडांचे शत्रू नसतात, पण पोकळ झालेला गुलमोहर आणि निरोगी रेन ट्री यांतला फरक सांगायला वनस्पतिशास्त्राची जाण लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हटलं, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायचं बंधन घातलं आणि दंड झाडामागे १ लाख रुपयांपर्यंत नेला. साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपं, हे कागदावर चांगलं दिसतं. ती रोपं कुठे लावली आणि तीन उन्हाळ्यांनंतर किती उरली, हे पाहणारं कोणी असेल तरच त्याला अर्थ आहे.

गोव्याचा माड इथे आठवल्याशिवाय राहत नाही. तिथला वृक्ष संरक्षण कायदा १९८४ चा. २०१६ मध्ये दुरुस्ती करून माडाला झाडाच्या व्याख्येतून वगळलं, म्हणजे माड तोडायला परवानगीच नको. गावोगावचे लोक उठले, आणि २०१७ मध्ये माड पुन्हा व्याख्येत आला. बांबूची गोष्ट याच्या नेमकी उलट. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला गेला आणि शेतात बांबू लावणाऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. दोन्ही ठिकाणी शब्द वगळण्याचीच कृती, पण एका ठिकाणी ती बिल्डरांच्या सोयीची ठरली असती आणि दुसऱ्या ठिकाणी शेतकऱ्याच्या सोयीची.

बांबूविषयीच्या या दुरुस्तीच्याही आधी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वाट दाखवली होती. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक हक्क मिळाले, पण बांबू बाहेर न्यायचा पास वन खात्याच्याच हाती राहिला. हक्क आमचा, तर पासही आमचाच, असं गाव म्हणत राहिलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. किती बांबू तोडायचा, कुठला राखायचा, हे गाव बसून ठरवू लागलं. परवाना देणारा आणि जंगलाबरोबर जगणारा एकच असला की तोडीचा हिशेब उघड्यावर होतो.

मालकी तोडीत हाच उघडेपणा नाही. १९७५ च्या कायद्याने शहरातल्या एका गुलमोहरासाठी जाहीर नोटीस ठेवली, आणि १९६४ च्या कायद्यात अख्ख्या डोंगरउताराच्या तोडीसाठी तशी सूचना नाही. ओढ्याच्या वरचं रान गेल्यावर खालच्या वाडीचं पाणी आटतं, त्या वाडीला मात्र तोडीची खबर ट्रक उतरताना लागते. मालकी तोडीचा प्रत्येक अर्ज गट क्रमांक आणि झाडांच्या संख्येसह ग्रामपंचायतीच्या फलकावर सात दिवस लावणं सक्तीचं करावं. त्याने मालकाचा हक्क जात नाही, कोऱ्या अर्जावर सही घेणाऱ्याची सोय तेवढी जाते. ग्रामसभांनी असा ठराव करून उपवनसंरक्षकांकडे पाठवायला कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.

शहरातल्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. रस्त्यातल्या झाडावर कागद दिसला तर थांबा, त्याचा फोटो काढा आणि तारीख पाहा. हरकत साध्या मराठीत लिहिली तरी चालते. झाडाचा क्रमांक, पत्ता, तुमचं म्हणणं आणि पाहणीच्या वेळी हजर राहू देण्याची विनंती, एवढं पुरतं. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे द्या आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.