थरावर थर : पुरानी बस्तीतलं जुनं छप्पर उतरवताना

आजचा विषय डोक्यावरचा आहे, म्हणजे अगदी खरोखरच डोक्यावरचा. जुन्या घराचं अनेक थरांचं छप्पर उतरवून नवं कसं घालायचं, ते आज बघू.

रायपूरची पुरानी बस्ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. महामाया मंदिर, दूधाधारी मठ, आणि त्यांच्या अवतीभवतीच्या अरुंद गल्ल्या. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, त्यामुळे मराठी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमचं घरही त्यातलंच. मातीच्या जाड भिंती, सालाच्या लाकडाचं आढं, त्यावर वासे आणि कवेलू. कोकणात ज्याला नळीचं कौल म्हणतात, त्याला आम्ही कवेलू म्हणतो आणि आमचे छत्तीसगढी शेजारी खपरा म्हणतात.

आजोबांच्या काळी दरवर्षी उन्हाळ्यात कवेलू फेरले जायचे. फुटलेले काढायचे, सरकलेले बसवायचे. पुढे फेरणारे मिळेनासे झाले, माकडांचा त्रास वाढला. मग कुणीतरी कवेलूंवरच पट्ट्या ठोकून सिमेंटचे पत्रे टाकले. ते तडकले, तेव्हा त्यावर लोखंडी पत्रे आले. प्रत्येक पिढीने गळती झाकली, शोधली मात्र कुणीच नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत आणि कॅनडात देवदारासारख्या सीडर लाकडाच्या फळ्या चिरून छपरं करायचे. त्यांवरही लोकांनी नंतर नवे थर चढवले. आता अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत दोन थर आधीच असतील तर तिसरा चढवू देत नाहीत, सगळं उतरवावं लागतं. याचं कारण साधं आहे. वजन वाढतं, आणि खालचं लाकूड कुजलंय की नाही हे दिसत नाही.

वजनाचा हिशेब करून बघा. एकेरी कवेलू, पट्ट्यांसकट, चौरस मीटरला साधारण ७० किलो भरतात. दुहेरी असतील तर १२० किलोच्या आसपास. त्यावर दोन प्रकारचे पत्रे आणि मधल्या पट्ट्या. हे सगळं पेलणारं आढं भिंतीत जिथे शिरतं, तिथेच ओल धरते आणि वाळवी लागते.

म्हणून पहिली पायरी खालून. उजेडी दिवसा माळ्यावर चढा. आढ्याच्या दोन टोकांना दोरी ताणून धरा, मध्ये किती झोल आहे ते कळतं. प्रत्येक वाशाच्या भिंतीकडच्या टोकात पेचकस टोचा. सहज आत गेला, तर ते लाकूड गेलं असं समजा. आमच्याकडे एका पाखाचे चार वासे असे निघाले. वरून सगळं चकचकीत होतं!

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. त्याचा धागा श्वासातून फुप्फुसात गेला की परत निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या जातींमुळे कॅन्सर होतो. त्रास दिसायला वीस-तीस वर्षं लागतात, म्हणून कुणी मनावर घेत नाही. आमच्या मिस्त्रींनी हातोडा उचलला होता, ‘‘भैया, तोड़ के गिरा देते हैं, जल्दी होगा.’’ मी म्हटलं, थांबा. पत्रे आधी पाण्याने भिजवले. बोल्ट सैल करून पत्रा अख्खा सुटवला, दोघांनी धरून खाली दिला. साधा रुमाल पुरत नाही. बारीक धूळ अडवणारा मास्कच हवा. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधायचे, कोरडा झाडू मारायचा नाही, आणि तो पत्रा गोठ्याला किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला पुन्हा वापरायचा नाही. कामगार आपले नातेवाईक नाहीत म्हणून त्यांची फुप्फुसं स्वस्त होत नाहीत.

कवेलू उतरवताना दोन्ही पाखांवरून थोडे थोडे काढा. एकच बाजू रिकामी केली तर भार एकीकडे जाऊन आढं आणि भिंत कलते. आधी आढ्याला खालून टेकू द्या. आमच्या गल्लीत भिंती सामाईक आहेत, म्हणून शेजारच्या काकूंना आधी सांगून त्यांच्या वळचणीवर ताडपत्री घातली. उतरवलेला कवेलू बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर ठेवा, बद्द वाजला तर बाजूला.

इथे घरात वाद झाला. काका म्हणाले, ‘‘आता उघडलंच आहे, तर स्लॅब टाकून मोकळे होऊ.’’ मोह मलाही झाला. पण दहा सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला २५० किलो असतो, आणि आमच्या भिंती मातीच्या. स्लॅब हवा असेल तर पायापासून खांब उभे करावे लागतात, म्हणजे घरच नवं बांधावं लागतं. शेवटी इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी भिंती बघून तेच सांगितलं, तेव्हा काका गप्प झाले.

मग मंगलोरी कौलं घेतली. हे कौल १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात सुरू झालं. ते एकमेकांत अडकतं, म्हणून नळीच्या कवेलूसारखं दरवर्षी सरकत नाही. कुजलेले वासे बदलले, सगळ्या लाकडाला वाळवीचं औषध लावलं. कौलं वळचणीपासून वर आढ्याकडे लावत जायची, म्हणजे वरचं कौल खालच्यावर चढतं. उतार पंचवीस-तीस अंशांचा हवा; कमी असेल तर वाऱ्याने पाणी उलटं आत शिरतं. शेजारच्या उंच भिंतीला पाख भिडतो तिथे भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी आत बसवा. नुसतं सिमेंट थापलं तर एका उन्हाळ्यात तडा जातो.

पन्हळ विसरू नका. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलिमीटरची एक सर आली की १००० लिटर! ते शेजाऱ्यांच्या अंगणात पडणार की आपल्या टाकीत, हे आधी ठरवा.

आणि वेळ. रायपुरात पाऊस जूनच्या मध्याला येतो. काम एप्रिलमध्ये काढा, रोज तेवढंच उघडा जेवढं संध्याकाळी झाकता येईल. वळवाची सर सांगून येत नाही.

आमचं काम मे अखेर झालं. पहिल्या पावसात काकांनी सवयीने घरभर बादल्या मांडल्या होत्या. सकाळी त्या कोरड्या होत्या. तुमच्याही छपराखाली बादली मांडायची सवय झाली असेल, तर या उन्हाळ्यात आधी माळ्यावर चढून बघा. भेटू पुढच्या भागात.