हवा विकत घेताना

आम्ही राहतो त्या डर्बीत रोल्स-रॉइसचा मोठा कारखाना आहे. विमानाचं इंजिन विकून मोकळं व्हायचं, हा इथला धंदा राहिलेला नाही. विमान कंपनी उड्डाणाच्या तासांवर पैसे मोजते, आणि देखभाल-दुरुस्ती इंजिनवाल्याच्या अंगावर. ही पद्धत १९६२ साली ब्रिस्टल सिडली कंपनीने सुरू केली. ती कंपनीच पुढे रोल्स-रॉइसने घेतली. आता तर सेन्सर चालू विमानातून इंजिनाची तब्येत कळवतात. इंजिन जितकं टिकेल तितका बनवणाऱ्याचाच फायदा. सुटे भाग विकून पोट भरणाऱ्याचं गणित नेमकं याच्या उलट असतं.

हे सगळं मोठ्या लोकांचं, असं मला वाटायचं. पण गेल्या महिन्यात भोसरीहून मामेभावाचा फोन आला. त्याचं प्रेस पार्टचं छोटं वर्कशॉप आहे.

"दादा, कॉम्प्रेसर विकत घेऊच नका म्हणतायत. मशीन त्यांचं, आपण फक्त हवा घ्यायची. घनमीटरवर बिल."

कल्पना चांगलीच आहे. कॉम्प्रेसरला जन्मभरात खरेदीपेक्षा वीज कितीतरी जास्त लागते. त्याच्या करारात विजेचं बिलही पुरवठादाराच्याच माथी आहे. म्हणजे कमी वीज खाणारं मशीन बसवणं, ते वेळेवर उघडून साफ करणं, जुनं परत नेऊन पुन्हा उभं करणं, यात त्याचाच स्वार्थ. भंगार कमी, वीज कमी.

पण मीटरच्या पलीकडे काय? तिथून पुढची पाइपलाइन भावाची. कारखान्यांत कॉम्प्रेसरच्या हवेपैकी २० ते ३० टक्के नुसती गळून जाणं नवलाचं नाही, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. सैल जॉइंट, चिरलेली नळी, एवढंच कारण पुरतं. आता ही गळलेली हवासुद्धा बिलात येणार! आपल्या बाजूची गळती थांबवायची पुरवठादाराला घाई कशाला असेल? सेन्सर कितीही हुशार असू दे, तो ज्याच्या फोनवर बोलतो त्याच्याच कामाचा.

मी भावाला म्हटलं, "गुरुवारी सुट्टी असते ना? सगळी मशीनं बंद ठेव, कॉम्प्रेसर तेवढा चालू. मीटरवर जो आकडा फिरेल ती सगळी गळती."

"मीटर दिसेल, पण तासातासाची नोंद त्यांच्या ॲपमध्ये. आपल्याला महिन्याचं बिल येणार."

"मग आधी ती नोंद माग."

आणखी एक गोष्ट मला खटकते. आज कॉम्प्रेसर अडला की शेजारच्या गल्लीतला मेकॅनिक पाना घेऊन येतो आणि तासाभरात चालू करून जातो. नव्या करारात त्याने झाकणाला हात लावायचा नाही. पाच वर्षांनी करार संपला, तोवर तो मेकॅनिक दुसऱ्या धंद्याला लागलेला असेल, आणि तेव्हा पुरवठादार म्हणेल तो दर.

भावाने सही केलेली नाही. रोजची नोंद आणि गळती कमी झाल्यास दरात सवलत, अशा दोन अटी त्याने लिहून पाठवल्या आहेत. सवलतीला ते तयार आहेत. नोंदीचं मात्र "वर विचारून सांगतो" म्हणाले.