चारही चाकांवर ओढलेली जीप

शेतावर लहान जीपगाडी बाळगणारे बागाईतदार आतां गांवोगांव आढळतात. अशी गाडी बिघडली म्हणजे शेजाऱ्याची मोठी गाडी किंवा ट्रॅक्टर आणावयाचा, हातीं लागेल तो दोर बांधावयाचा, घरांतील एखादा पोर मागील गाडींत बसवावयाचा आणि तालुक्याचा रस्ता धरावयाचा, अशी सर्वसाधारण वहिवाट आहे. या वहिवाटींत जिवास धोका कोठें आहे व तो कसा टाळावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

अमेरिकेंत लहान जीप चारही चाकें जमिनीवर ठेवून मोठ्या गाडीमागें दूरवर नेण्याची चाल आहे. आपल्याकडे १९८५ सालीं आलेल्या मारुति जिप्सीच्याच घराण्यांतील सुझुकी सामुराई ही गाडी तिकडे या कामीं फार वापरली जाई. आपल्याकडे हौसेखातर असें करण्यास मुभा नाहीं. मोटार वाहन कायदा १९८८ याखालील नियमांप्रमाणें, ट्रेलर सोडल्यास, सामान्यतः बिघडलेलेंच वाहन ओढतां येतें, आणि तेंही जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत. तथापि तिकडील लोकांनीं अनुभवानें बसविलेली पद्धति आपणांसही उपयोगी पडण्यासारखी आहे.

सर्वांत मुख्य गोष्ट ही कीं, गाडी ओढणें सोपें, पण थांबविणें कठीण. पुढील गाडी २,००० किलोची व मागील १,००० किलोची असेल, तर पुढीलच्या ब्रेकांवर दीडपट भार पडतो. त्यांतून वेग दुप्पट केला कीं थांबविण्यास लागणारें काम चौपट होतें. उतारावर तर मागील गाडी पुढीलला ढकलूं लागते. यास्तव वेग ताशीं २५ किलोमीटरांच्या आंत ठेवावा, आणि घाट उतरतांना प्रथमपासूनच खालच्या गिअरमध्यें चालावें.

दोर हा जोडणीचा सर्वांत वाईट प्रकार होय. तो सैल पडतो, मग हिसका देतो. आणि पुढील गाडी थांबली असतां मागील गाडीस मुळींच आवरीत नाहीं. त्यापेक्षां लोखंडी ताठ दांडा चांगला. तो दोन्ही गाड्यांच्या चॅसिसला पक्का केलेल्या जागीं जोडावा, बंपरला कदापि नव्हे. दांडा शक्य तितका जमिनीशीं समांतर असावा. त्याखालून दोन सांखळ्या फुलीसारख्या बांधाव्या. पिन निसटली तरी दांडा त्यांवर पडून राहतो, रस्त्यांत रुतत नाहीं. दोरच वापरणें भाग पडलें, तर ताण असतां जवळ कोणींही उभें राहूं नये. तुटलेला दोर चाबकासारखा उलटतो.

दुसरी गोष्ट यंत्राची. मागील गाडीचीं चाकें फिरतात तेव्हां तिच्या पोटांतील दांतेही फिरूं शकतात. आणि इंजिन बंद असल्यानें कित्येक गाड्यांत त्यांना नीट तेल पोंचत नाहीं. जिप्सीसारख्या गाडीस फोर-व्हीलचा जो दुसरा लहान दांडा असतो, तो न्यूट्रलवर ठेवावा म्हणजे चाकें व गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. मुख्य गिअर कोणता ठेवावा हें त्या गाडीच्या माहितीपुस्तकांत पाहून ठरवावें. ज्या गाडीस असा न्यूट्रल नाहीं, विशेषतः चारही चाकें नेहमीं जोडलेली किंवा आपोआप गिअर बदलणारी गाडी, ती पुस्तकांत स्पष्ट परवानगी नसल्यास ट्रकवर चढवूनच न्यावी. भाडें पडेल, पण गिअरबॉक्सच्या खर्चापुढें तें थोडेंच.

तिसरी गोष्ट मागील गाडींत बसणाऱ्याची. किल्ली काढली कीं सुकाणूचें चाक अडकतें, म्हणून ती आंत ठेवून कुलूप मोकळें करावें. इंजिन बंद असतां ब्रेकला मिळणारें साह्य संपतें; पेडल दगडासारखें कठीण होतें व सुकाणूही जड लागतें. हें पोराच्या पायाचें काम नव्हे. तेथें परवाना असलेला जाणता मनुष्यच बसला पाहिजे. कायदाही तेंच सांगतो. त्यानें निघण्यापूर्वीं मोकळ्या जागीं ब्रेक दाबून पाहावा. ब्रेकच निकामी असेल तर गाडी रस्त्यानें ओढूंच नये.

दोन गाड्यांमधील अंतर ५ मीटरांहून अधिक नसावें, दोर किंवा सांखळी दुरून दिसेल अशी खूण करावी, आणि मागें ‘ऑन टो’ असा फलक लावावा. मागील दिवे लागत नसतील तर अंधार पडण्यापूर्वीं मुक्काम गांठावा. जोडलेली गाडी मागें घेऊं नये. पुढील चाकें वळून दांडा वांकतो. चार-पांच किलोमीटर गेल्यावर एकदां थांबून पिना, सांखळ्या व चाकांचे तुंबे हातानें पाहावे. तुंबा चटका देण्याइतका तापला असेल तर ब्रेक घासत आहे असें समजावें.

ट्रॅक्टरचा जोर अफाट असतो, त्यामुळें ओढण्याची चिंता कोणी करीत नाहीं. परंतु अपघात बहुधा जोराच्या अभावीं होत नाहींत, थांबण्याच्या वेळीं होतात. एक ताठ दांडा व दोन सांखळ्या चार शेतकऱ्यांनीं मिळून घेऊन ठेविल्यास वाडीचें काम भागेल, आणि घरचा मुलगा दोराच्या टोंकाला बसविण्याची वेळ कोणावरही येणार नाहीं.