ठोक्याचा आवाज ऐका

पत्र्यावर ठशाने नक्षी काढायची म्हणजे ठसा ठेवायचा, हातोडी मारायची, की फूल उठते. पण हात चांगला बसलेला असूनही पत्रा मध्येच चिरतो. असे का होते, ते आज बघू.

तांबे मऊ असते. ठोका बसला की दबते आणि तसेच राहते. मात्र प्रत्येक ठोक्यागणिक ते थोडे कडक होत जाते. पुण्याच्या कसबा पेठेतले तांबट भांडे घडवून झाले की त्यावर एकसारखे ठोके देतात. त्याला मठारकाम म्हणतात. त्याने भांडे चमकते आणि मजबूतही होते. भांड्याला हा कडकपणा शेवटी हवा असतो. तोच नक्षी अर्धी असताना आला, तर पुढच्या ठोक्याला पत्रा फाटतो.

म्हणून कान उघडे ठेवा. बद्द आवाज खणखणीत झाला, हातोडी उसळू लागली, की थांबा. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. लोहार विळा तापवून पाण्यात बुडवतो तेव्हा तो कडक होतो, मग तांबे मऊ कसे? तांबे तापवल्यानेच मऊ पडते. पाण्याने ते फक्त लवकर गार होते.

पितळेत तांब्याबरोबर जस्त असते. ते तांब्यापेक्षा लवकर कडक होते, म्हणून जास्त वेळा तापवावे लागते. लाल पितळ एकदम पाण्यात टाकू नका, तडकू शकते. आधी लाली जाऊ द्या. फार तापले तर जस्ताचा धूर निघतो, तो छातीत जाऊ नये म्हणून उघड्यावरच तापवा.

ॲल्युमिनियम मऊ आणि स्वस्त, शिकायला बरे. पण ते ६६० अंशांना वितळते आणि त्याआधी लाल दिसत नाही. लालीची वाट पाहिली तर पत्राच जाईल. त्यावर कपड्याच्या साबणाची रेघ ओढा. रेघ काळपट झाली की आच बंद करा.

दुकानात पत्रा घेताना कोपरा वाकवून पाहा. वाकून तसाच राहिला तर मऊ, उसळून परत आला तर कडक. पत्रा किलोच्या भावाने येतो आणि फाटला की मोडीत जातो. गटाचा पैसा वाचवायचा, तर तापवायला लागणारी दहा मिनिटे वाया गेली असे समजू नका.