नवा बॉयलर आणि जुने धुराडे

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा अशा थंड देशांत घर उबदार ठेवायला आणि नळाला गरम पाणी द्यायला गॅसवर चालणारा बॉयलर सर्रास वापरतात. वापरून जुना झाला की तो बदलावा लागतो. त्या वेळी किंमत, आकार आणि गॅसची बचत या गोष्टींची चौकशी होते. धूर बाहेर नेणारी वाट मात्र जुनीच चालेल, असे अनेकदा गृहीत धरले जाते. ती सहसा चालत नाही, कारण नव्या बॉयलरचा धूर वेगळा असतो.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. एक घनमीटर वायू जाळला तर दीड लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. ज्योतीला हवा कमी पडली किंवा धूर बाहेर न जाता तिच्याभोवतीच कोंडला, तर वायू अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो.

जुन्या पद्धतीचा बॉयलर खोलीतलीच हवा घेतो आणि दीडशे अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम धूर विटांच्या चिमणीत सोडतो. गरम हवा हलकी असल्याने आपोआप वर चढते, म्हणून पंखा लागत नाही. यात बरीच उष्णता वाया जाते. पण तिच्यामुळेच चिमणीची ओढ टिकते आणि ती आतून कोरडी राहते.

नवा ‘कंडेन्सिंग’ बॉयलर ही वाया जाणारी उष्णता परत मिळवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल 2005 पासून, काही अपवाद सोडता, असाच बॉयलर बसवणे सक्तीचे झाले. यात खोल्यांतून फिरून थंड झालेले पाणी धुराची उष्णता शोषून घेते. धूर सुमारे 55 अंशांच्या खाली आला की त्यातली वाफ पाणी होऊ लागते आणि वाफेत दडलेली उष्णताही हाती येते. मात्र असा धूर स्वतःच्या बळावर चिमणी चढत नाही. त्याला पंख्याने ढकलावे लागते, शिवाय तो ओला आणि आम्लधर्मी असतो.

हा धूर जुन्या चिमणीत सोडला तर ओल विटांत मुरते, सांध्यांतला चुना झिजतो आणि खोलीच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. कालांतराने आतले तुकडे निखळून चिमणी तुंबू शकते. पंख्याच्या दाबामुळे विषारी वायू बारीकशा भेगेतूनही घरात शिरू शकतो. म्हणून नव्या बॉयलरला त्याची स्वतःची, हवाबंद सांध्यांची आणि निर्मात्याने मान्य केलेली नळी लागते. ब्रिटनमध्ये बहुधा एकात एक अशा दोन नळ्या भिंतीतून बाहेर काढतात: आतल्या नळीतून धूर जातो, बाहेरच्या नळीतून ताजी हवा येते. खोलीतल्या हवेला हात लागत नाही. चिमणीचीच वाट घ्यायची असेल, तर तिच्या आतून मान्यताप्राप्त प्लास्टिकची किंवा योग्य प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची नळी वरपर्यंत न्यावी लागते.

नळीचा उतार बॉयलरकडे ठेवतात, म्हणजे आत जमलेले पाणी बाहेर न ठिबकता बॉयलरच्या निचऱ्यात येते. हे पाणी तांबे खाते, म्हणून निचऱ्याची नळीही प्लास्टिकची असते. ती घराबाहेरून नेली आणि कडाक्याच्या थंडीत गोठली, तर बॉयलर बंद पडतो.

नळीचे बाहेरचे तोंड कुठे असावे, यालाही नियम आहेत. ब्रिटनमध्ये उघडणाऱ्या खिडकीपासून ते साधारणपणे किमान 300 मिलिमीटर दूर असावे लागते. हिमवर्षाव होणाऱ्या भागात बर्फाच्या थराखाली गाडले जाणार नाही इतक्या उंचीवर ते ठेवतात. नळी छतामागे झाकायची असेल, तर सांधे तपासता यावेत म्हणून झडप ठेवावी लागते.

उत्तर अमेरिकेत आणखी एक धोका असतो. तिथे बॉयलर आणि पाणी तापवण्याची टाकी अनेकदा एकाच चिमणीला जोडलेली असते. नव्या बॉयलरचा धूर भिंतीतून बाहेर वळवला की चिमणीत एकटी टाकी उरते. तिच्या थोड्याशा धुराने एवढी मोठी चिमणी तापत नाही, ओढ मंदावते आणि धूर तळघरात परत येऊ शकतो. अशा वेळी चिमणीत कमी व्यासाची नळी बसवतात किंवा टाकीही बदलतात. कारागीर टाकीच्या धुराच्या तोंडाशी धुराची काडी धरतो. तिचा धूर आत ओढला गेला तर वाट ठीक. खोलीत पसरला तर धोका.

महाराष्ट्रात घरोघरी बॉयलर नाहीत, पण बंद न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरने अनेक बळी घेतले आहेत. तिथेही कारण तेच: जळायला हवा अपुरी आणि धुराला वाट नाही. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय.

ब्रिटनमध्ये असे काम ‘गॅस सेफ रजिस्टर’वर नोंद असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. काम संपताना त्याने धुरातील वायूंचे यंत्राने मोजमाप केले का, हे घरमालकाने विचारावे आणि घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर लावावा. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे असा त्रास घरातल्या अनेकांना एकाच वेळी होऊ लागला, तर बॉयलर बंद करून, दारे-खिडक्या उघडून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे. तपासणी झाल्याशिवाय तो पुन्हा सुरू करू नये.